गुडघ्याची वाटी दुखते तेव्हा : पुढच्या बाजूचे दुखणे ओळखून ते आटोक्यात आणण्याच्या पायऱ्या

सिंहगड चढताना काही जाणवत नाही, पण उतरताना अर्ध्या वाटेवर गुडघ्याच्या पुढच्या भागात कळ सुरू होते. तीन अंकी नाटक बसून पाहिल्यावर उठताना गुडघा धरल्यासारखा होतो. उकिडवे बसून उठताना वाटीच्या मागे काहीतरी घासत असल्यासारखे वाटते. यांपैकी एखादी तक्रार घेऊन फिरणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा कोणीतरी आधीच सांगून ठेवलेले असते की, वाटी झिजली आहे, वंगण कमी झाले आहे, आता जपून राहा. पन्नाशीच्या आतल्या माणसाच्या बाबतीत हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. आणि तो मनावर घेऊन माणूस चालणे, जिने, बैठका असे सारेच सोडून देतो, तेव्हा मांडीचे स्नायू दुबळे होतात व दुखणे आणखी लांबते. अशा दुखण्याला पहिल्यांदाच सामोरे जाणाऱ्या आणि काय करावे, कोणत्या क्रमाने करावे हे ठाऊक नसणाऱ्या वाचकासाठी हा लेख आहे. लेखातील बराचसा भाग वाटीभोवतीच्या त्या सर्वसाधारण दुखण्याविषयी आहे. पुढच्या बाजूला दुखण्याची इतर कारणे त्यापासून वेगळी ओळखता यावीत एवढ्यापुरतीच आली आहेत.

वाटीचे काम आणि वेदनेचे मूळ

वाटी हे एक लहानसे, साधारण त्रिकोणी हाड असून ते मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूच्या कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीत, बसवलेले असते. ही कंडरा वाटीखाली उतरून नडगीच्या हाडाला जोडली जाते. विहिरीवरच्या कप्पीमुळे दोराची दिशा बदलून पाणी ओढणे सोपे व्हावे, तसे वाटीमुळे मांडीच्या स्नायूला गुडघा सरळ करणे सोपे होते. वाटीची मागची बाजू गुळगुळीत कूर्चेने (कार्टिलेजने) मढवलेली असते आणि ती मांडीच्या हाडाच्या टोकावरील खोबणीतून वर-खाली सरकते. पाय सरळ असताना वाटी खोबणीच्या वर जवळजवळ मोकळी असते, म्हणून त्या वेळी मांडी सैल सोडली तर ती बोटांनी डावी-उजवीकडे हलवताही येते. गुडघा वाकू लागला की ती खोबणीत शिरते, आणि उभ्या स्थितीत शरीराचे वजन पेलत गुडघा जितका अधिक वाकवावा तितकी ती हाडावर अधिक दाबली जाते.

हा दाब किती असतो, याचे 1972 साली प्रसिद्ध झालेले गणित आजही उपयोगी पडते. सपाट जमिनीवर चालताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या सुमारे निम्मा भार येतो, जिना चढता-उतरताना तो वजनाच्या तिपटीहून थोडा अधिक होतो आणि खोल बैठकीत सात ते आठ पटींपर्यंत जातो. 60 किलो वजनाच्या व्यक्तीच्या वाटीवर चालताना 30 किलोंचा, जिन्यावर सुमारे 200 किलोंचा आणि खोल बैठकीत 450 किलोंहून अधिक भार येतो, असा त्याचा अर्थ. हे आकडे ऐकून घाबरण्याचे कारण नाही, कारण वाटीमागची कूर्चा शरीरातील सर्वांत जाड कूर्चांपैकी एक आहे आणि निरोगी गुडघा हा भार आयुष्यभर पेलतो. मात्र सपाट रस्त्यावर तासभर चालू शकणारा माणूस दोन मजले उतरताना का कळवळतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

आता झिजेविषयी. कूर्चेत वेदना वाहून नेणारे मज्जातंतू नसतात. स्कॉट डाय या अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सकाने 1998 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात सांगण्याजोगा आहे. त्यांनी सांध्याच्या आत भूल न देता स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांत दुर्बीण घालून घेतली आणि आतला प्रत्येक भाग दाबला जात असताना काय जाणवते, याची नोंद केली. सांध्याचे आतले अस्तर आणि वाटीखालची चरबीची गादी यांना स्पर्श होताच तीव्र वेदना झाल्या. वाटीमागची कूर्चा दाबल्यावर काहीच जाणवले नाही, आणि ती कूर्चा काही ठिकाणी खराब झालेली असूनही जाणवले नाही. त्यामुळे तपासणीत कूर्चा मऊ किंवा खडबडीत दिसली म्हणजे वेदनेचे कारण सापडले, असे म्हणता येत नाही. वेदना मुख्यतः त्या अस्तरातून, गादीतून आणि कूर्चेखालच्या हाडातून येते, आणि हे भाग कुरकुरू लागतात ते बहुतेक वेळा त्यांच्या सवयीपेक्षा जास्त भार त्यांच्यावर कमी काळात पडल्यामुळे. उपचाराची सारी दिशा यातूनच ठरते : आधी भार गुडघ्याला सोसेल इतका उतरवायचा, आणि मग गुडघ्याची सोसण्याची ताकद हळूहळू वाढवत न्यायची.

पहिली पायरी : दुखते नेमके कोठे, ते बोटाने दाखवावे

खुर्चीवर बसून, दुखते ती जागा एका बोटाने दाखवण्याचा प्रयत्न करावा. अनेकांना हे जमत नाही. ते तळहात वाटीवर ठेवून गोल फिरवतात आणि ‘इथे सगळीकडे, आतून’ असे सांगतात. वाटीभोवतीच्या सर्वसाधारण दुखण्याची ही खूणच आहे. त्याच्या जोडीला जिना, बैठक, धावणे किंवा बराच वेळ गुडघे दुमडून बसणे यांपैकी कशाने तरी दुखणे वाढत असेल, तर निदान बरेचसे पक्के होते. खात्री करून घेण्यासाठी खुर्चीच्या पाठीला धरून सावकाश अर्धी बैठक मारून पाहावी. हे दुखणे असलेल्या दर पाच जणांपैकी सुमारे चौघांना त्या वेळी नेहमीची ओळखीची कळ जाणवते. यासाठी कोणत्याही यंत्राची गरज लागत नाही.

बोट एका ठिकाणी टेकले, तर मात्र वेगळा विचार करावा लागतो. वाटीच्या खालच्या टोकावर नेमके बोट ठेवता येत असेल आणि रुग्ण व्हॉलीबॉल, बास्केटबॉल असे उड्यांचे खेळ खेळणारा असेल, तर वाटीखालच्या कंडरेचा विकार असण्याची शक्यता जास्त. यात सुरुवातीला दुखते, अंग तापल्यावर बरे वाटते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठणकते. त्यालाही व्यायामच लागतो, पण त्याची आखणी निराळी असते.

दहा ते पंधरा वर्षांच्या खेळकर मुला-मुलींमध्ये वाटीच्या दोन-तीन बोटे खाली नडगीच्या हाडावर दुखरे टेंगूळ दिसते. बोस्टनचे रॉबर्ट ऑसगुड आणि झुरिकचे कार्ल श्लाटर या दोघांनी 1903 साली स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले, म्हणून त्या विकाराला ऑसगुड-श्लाटर असे जोडनाव मिळाले. वाढीच्या वयात मांडीचा स्नायू अजून पूर्ण न जुळलेल्या हाडाच्या टोकाला ओढत असतो, त्यातून हे होते आणि हाडांची वाढ पूर्ण झाली की वेदना सहसा थांबते. टेंगूळ तेवढे आयुष्यभर राहू शकते. मुलाचा खेळ वर्षभर बंद करण्याची गरज नसते, दुखण्याच्या प्रमाणात तो कमी-जास्त करावा. मात्र लहान मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल आणि गुडघ्यात काहीच सापडत नसेल, तर खुब्याची तपासणी करून घ्यावी. खुब्यातील बिघाडाची वेदना पुष्कळदा गुडघ्यात जाणवते आणि तेथेच चूक होते.

गुडघे टेकून फरशी पुसणाऱ्या किंवा फरशी बसवणाऱ्या माणसांच्या वाटीवर, अगदी कातडीखाली, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी मऊ सूज येते. ही वाटीवरची द्रवाची पिशवी सुजलेली असते, सांधा नव्हे. गुडघ्याखाली जाड उशी घेतली आणि काही दिवस गुडघे टेकणे टाळले की ती बहुधा ओसरते. ती लाल आणि गरम झाली, तर जंतुसंसर्ग असू शकतो आणि घरी थांबू नये.

पन्नाशीनंतर, सकाळी थोडा वेळ गुडघा आखडत असेल आणि जिन्यावर दुखत असेल, तर वाटीमागच्या सांध्याचा संधिवात असू शकतो. त्यातही पुढे सांगितलेले बरेचसे व्यायाम चालतात, पण ते डॉक्टरांना एकदा दाखवून मग सुरू करावेत.

दुसरी पायरी : घरी थांबू नये अशी लक्षणे

पडल्यानंतर किंवा मुरगळल्यानंतर पायावर चार पावलेही टाकता येत नसतील; पडल्यावर किंवा जोराचा झटका बसल्यावर झोपून सरळ पाय उचलताच येत नसेल; काही तासांत गुडघा टम्म सुजला असेल; वाटी बाजूला सरकून परत बसल्याचे जाणवले असेल; गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. ताप आणि सोबत लाल, गरम, हलवताच असह्य दुखणारा गुडघा ही तातडीची बाब आहे, कारण सांध्यात पू झाला असल्यास एकेक दिवस महत्त्वाचा ठरतो. गुडघ्यावरची सूज अनेक आठवडे टिकून राहते, संध्याकाळी बारीक ताप येतो आणि वजन घटत जाते, अशी हकीकत असेल तर सांध्याच्या क्षयरोगाचा विचार आपल्याकडे व्हायलाच हवा. रात्री झोपेतून उठवणारी, विश्रांतीनेही न थांबणारी वेदना विशेषतः किशोरवयात दुर्लक्षित करू नये. एकाच वेळी अनेक सांधे दुखत असतील, तर प्रश्न केवळ वाटीचा नाही. चिकुनगुन्यासारख्या तापानंतर असे महिनोन्‌महिने होऊ शकते.

गुडघा वाजतो, हे मात्र या यादीत नाही. वेदना आणि सूज यांच्याशिवाय येणारा कडकड आवाज बहुतेकांच्या गुडघ्यात असतो आणि त्यासाठी काहीही करावे लागत नाही.

तिसरी पायरी : अलीकडे काय बदलले, याचा शोध

सात दिवस एका वहीत रोज तीन गोष्टी लिहाव्यात : गुडघ्याने काय काम केले, त्या वेळी वेदना शून्य ते दहा यांपैकी किती होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती किती उरली. हा उद्योग कंटाळवाणा वाटतो, पण मला विचाराल तर उपचाराचा अर्धा भाग येथेच होतो, कारण दुखणे सुरू होण्याच्या दोन-चार आठवडे आधी काहीतरी बदललेले असते आणि ते माणसाच्या ध्यानात आलेले नसते.

पोलीस भरतीची जाहिरात निघाल्यावर शिपाई पदाच्या मैदानी चाचणीसाठी मुले 1600 मीटर आणि मुली 800 मीटर धावण्याचा सराव एकदम, रोज, डांबरी रस्त्यावर सुरू करतात. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनसाठी नोव्हेंबरात जागा झालेला धावपटू अंतर दुप्पट करतो. रथसप्तमीला एकशे आठ सूर्यनमस्कारांचा संकल्प केला जातो, पण आदल्या महिन्यात रोज बाराही घातलेले नसतात. कधी कारण याहून साधे असते : इमारतीची लिफ्ट पंधरा दिवस बंद होती, बदली होऊन रोज दोन तास एसटीत गुडघे दुमडून बसावे लागू लागले, किंवा आजारपणानंतर महिनाभर अंथरुणात असलेला माणूस एकदम पूर्वीच्या कामाला लागला. शेवटच्या उदाहरणात भार वाढलेला नाही, ताकद उतरली आहे. परिणाम तोच.

चौथी पायरी : भार उतरवावा, पण गुडघा बसवून ठेवू नये

पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी नियम असा : काम करताना वेदना दहापैकी तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूर्वीच्या पातळीवर परतत असेल, तर ते काम चालू ठेवण्यास हरकत नाही. त्याहून अधिक दुखत असेल किंवा सकाळीही ठणका राहत असेल, तर ते काम निम्म्यावर आणावे. संपूर्ण बंद करण्याची वेळ क्वचितच येते. धावणाऱ्याने धावणे आणि चालणे आलटून पालटून करावे, उतार व पायऱ्या तात्पुरत्या वगळाव्यात. सपाट रस्त्यावर चालणे सहसा सोसते, आणि सायकलची बैठक पुरेशी उंच ठेवली तर तीही सोसते. बैठक खाली असल्यास प्रत्येक फेरीला गुडघा जास्त दुमडतो आणि सायकल वाटीला त्रासदायक होते.

घरातील काही सवयी काही आठवड्यांपुरत्या बदलाव्या लागतात. भांडी घासणे, भाजी निवडणे, कपडे धुणे ही उकिडवे बसून होणारी कामे ओट्यावर किंवा स्टुलावर बसून करावीत. कमोड उपलब्ध असेल तर तो वापरावा. नसेल तर भिंतीला पकडण्यासाठी दांडा बसवून घ्यावा, म्हणजे उठताना हातांचा जोर मिळतो. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी टाकावा, व कठडा धरावा. बसून काम करणाऱ्यांनी अर्ध्या तासाने एकदा पाय समोर पसरावेत किंवा उठून दहा पावले चालावे; नाट्यगृहात कडेची खुर्ची घेतली तर पाय मोकळा करता येतो. मांडी घालून बसल्याने किंवा उकिडवे बसल्याने गुडघे खराब होतात, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ज्या समाजात आयुष्यभर जमिनीवर बसले जाते, तेथे ती ताकद टिकवणे हाच पुढचा हेतू आहे. सध्या फक्त कुरकुरणाऱ्या भागांना शांत होण्यास वेळ दिला जात आहे.

ठणका असेल तेव्हा कापडात गुंडाळलेला बर्फ दहा ते पंधरा मिनिटे लावल्याने बरे वाटते. काहींना शेकच मानवतो. वेदना शमवणे एवढाच दोन्हींचा हेतू असल्यामुळे, सूज किंवा लाली नसेल तर, जे मानवेल ते करावे. तेल लावून हलक्या हाताने चोळण्यासही हरकत नाही, फक्त वाटी जोराने दाबून रगडू नये.

पाचवी पायरी : ताकद वाढवणे

साऱ्या उपचारांत सर्वांत भक्कम आधार व्यायामाला आहे. या विषयातील संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या एकमताच्या निवेदनात आणि अमेरिकेतील फिजिओथेरपिस्टांच्या 2019 सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत एकच गोष्ट ठळकपणे आली आहे : खुब्याभोवतीचे आणि गुडघ्याभोवतीचे स्नायू दोन्ही मिळून बळकट करावेत. खुब्याचा संबंध काय, असे नवख्याला वाटते. एका पायावर भार आला असता नितंबाचा स्नायू दुबळा पडला, तर मांडी आतल्या बाजूला वळते आणि खोबणीच वाटीखालून सरकते. रूळच हलले तर डबा सरळ कसा धावणार, असा हा प्रकार आहे. शिवाय खुब्याचे व्यायाम करताना गुडघा फारसा दुमडावा लागत नाही, म्हणून दुखऱ्या काळातही ते करता येतात. मांडीचा केवळ आतला स्नायू वेगळा बळकट करण्याचे व्यायाम पूर्वी शिकवले जात. तसे वेगळे करता येत नाही आणि करण्याची गरजही नसते.

पहिले दोन आठवडे खुब्यापासून सुरुवात करावी. कुशीवर झोपून खालचा पाय किंचित दुमडावा, वरचा पाय सरळ आणि शरीराच्या रेषेपेक्षा थोडा मागे ठेवून सावकाश वर न्यावा, दोन सेकंद थांबावे आणि सावकाश खाली आणावा. पाय पुढे आला तर काम मांडीचे पुढचे स्नायू करतात आणि व्यायाम वाया जातो. पाठ भिंतीला टेकवून टाच भिंतीवरून वर सरकवली की ही चूक टळते. दुसरा व्यायाम सेतुबंधासनासारखा : उताणे झोपून, गुडघे दुमडून, पावले जमिनीवर ठेवून कंबर उचलावी आणि पाच सेकंद थांबावे. तिसरा, उताणे झोपून एक गुडघा दुमडावा आणि दुसरा पाय गुडघ्यात घट्ट सरळ ठेवून वीतभर-दीड वीत उचलावा. प्रत्येक व्यायाम दहा ते बारा वेळा, अशा तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन-चार दिवस. शेवटच्या दोन-तीन वेळा जड वाटायला हव्यात. सहज पंचवीस होत असतील, तर घोट्याला एक किलो वाळूची पिशवी बांधावी. कारण ताकद जड कामानेच येते आणि हलके व्यायाम महिनोन्‌महिने करत राहणे हे या उपचाराच्या अपयशाचे मोठे कारण आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून, वेदना वरच्या नियमात बसत असेल तर, उभ्याने करायचे व्यायाम घ्यावेत. उंच खुर्चीवरून हातांचा आधार न घेता सावकाश उठावे व बसावे, आणि बसताना तीन अंक मोजावेत. खुर्ची उंच वाटेनाशी झाली की नेहमीची घ्यावी. भिंतीला पाठ टेकून गुडघे साधारण 45 अंशांपर्यंत वाकवावेत आणि 20 ते 30 सेकंद थांबावे. उभ्या स्थितीत शून्य ते 45 अंशांच्या पट्ट्यात वाटीवरचा ताण तुलनेने कमी असतो. खुर्चीवर बसून पायाला वजन बांधून गुडघा सरळ करण्याच्या व्यायामात मात्र हे गणित उलटे आहे. तेथे 90 ते 45 अंशांचा टप्पा सोसतो आणि शेवटचा, पाय पूर्ण सरळ होण्याचा भाग त्रास देतो. व्यायामशाळेत यंत्रावर हा व्यायाम करणाऱ्यांनी सुरुवातीला पाय अर्ध्यावरच थांबवावा.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात पायरीचा व्यायाम येतो आणि खरी परीक्षा तीच आहे. जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर कठडा धरून दुखऱ्या पायावर उभे राहावे आणि दुसऱ्या पायाची टाच जमिनीला अलगद टेकेपर्यंत सावकाश खाली जाऊन परत वर यावे. समोर आरसा ठेवला तर उत्तम. वाटी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवी. ती अंगठ्याच्या आत झुकत असेल तर उंची कमी करावी. पायरीऐवजी लाकडी पाट वापरण्याचा मोह होतो, पण गुळगुळीत फरशीवर पाट सरकतो. त्यापेक्षा पायरीच बरी.

मांडीचे पुढचे-मागचे स्नायू आणि पोटरी आखडलेली असतील, तर प्रत्येकी 30 सेकंदांचा ताण दोन-तीन वेळा द्यावा. वज्रासनात बसून मांडीला ताण देण्याची सवय असलेल्यांनी हे आसन सध्या बाजूला ठेवावे, कारण त्यात गुडघा पूर्ण दुमडतो.

हा कार्यक्रम किमान सहा आणि शक्यतो बारा आठवडे चालतो. पहिल्या तीन आठवड्यांत वेदनेत फारसा फरक पडला नाही म्हणून पुष्कळ जण येथेच सोडून देतात. वास्तविक स्नायूंना बळ येण्यास लागणारा हा नैसर्गिक वेळ आहे. हे दुखणे आपोआप बरे होईल असे समजून दुर्लक्ष करणेही योग्य नाही. पाठपुराव्याच्या एका मोठ्या अभ्यासात निम्म्याहून अधिक रुग्णांची पाच ते आठ वर्षांनंतरची स्थिती समाधानकारक नव्हती, आणि दुखणे जितके जुने होऊन उपचार सुरू होतात तितका गुण येणे अवघड जाते.

सहावी पायरी : जोडीची साधने आणि औषधे

जेनी मॅककॉनेल या ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्टने 1986 साली वाटीवर चिकटपट्टी लावण्याची पद्धत मांडली. या पट्टीने वाटी कायमची जागेवर येते असा समज करून घेऊ नये, पण पट्टी लावल्यावर अनेकांची वेदना तेथल्या तेथे उतरते आणि व्यायाम करणे शक्य होते. पहिल्या तीन-चार आठवड्यांपुरता तिचा उपयोग करावा आणि ती फिजिओथेरपिस्टकडून लावून व शिकून घ्यावी. पाऊल आत झुकणाऱ्या काहींना बुटातील तयार आधारामुळे सुरुवातीचे सहा आठवडे फायदा होतो. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लवचिक नी-कॅपने धीर येतो हे खरे. त्यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये आणि दिवसभर ती घालून बसू नये. विजेवर चालणारी शेकयंत्रे, अल्ट्रासाउंड वगैरेंवर सलग दहा-पंधरा दिवस पैसे खर्च करणे मला पटत नाही. वर उल्लेखिलेल्या निवेदनातही त्यांची शिफारस नाही. व्यायाम न शिकवता केवळ यंत्र लावून सोडत असतील, तर तेथे तसे स्पष्ट विचारावे.

वेदनाशामक गोळी हा उपचार नव्हे, सोय आहे. पॅरासिटामॉल किंवा वरून लावायचे डायक्लोफिनॅकचे मलम काही दिवस वापरता येते. पोटातून घ्यायच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, उच्च रक्तदाब, हृदयरोग, दमा असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत. गोळी घेऊन गड चढणे किंवा शर्यत धावणे हा तर सरळ तोट्याचा व्यवहार आहे, कारण वेदनेचा जो इशारा मोजून आपण भार ठरवत आहोत, तोच झाकला जातो.

एक्स-रे आणि एमआरआय केव्हा? दुसऱ्या पायरीतील लक्षणे असतील तर लगेच, आणि नीट केलेल्या तीन महिन्यांच्या व्यायामानंतरही फरक नसेल तर. एरवी एमआरआयच्या अहवालात ‘कूर्चा मऊ झाली आहे’ अशी ओळ येते आणि माणूस खचतो. तशी ओळ गुडघा न दुखणाऱ्यांच्या अहवालातही सापडते. गुडघ्यात वंगणाची इंजेक्शने, स्टिरॉइड किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांचे या दुखण्यात स्थान जवळजवळ नाही. दुर्बिणीतून कूर्चा साफ करण्याविषयी फिनलंडमध्ये 56 रुग्णांवर झालेली चाचणी 2007 साली प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना दुर्बिणीची शस्त्रक्रिया व व्यायाम आणि उरलेल्यांना केवळ व्यायाम देण्यात आला. नऊ महिन्यांनी दोन्ही गटांत फरक आढळला नाही. वाटी वारंवार निखळत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार वेगळ्या कारणासाठी होतो.

सातवी पायरी : धावणे, गड आणि जमिनीवरची बैठक यांकडे परतणे

पायरीवरून सावकाश उतरण्याचा व्यायाम दहा वेळा, वेदना दोनच्या वर न जाता जमू लागला, की परतीला हरकत नाही. धावणाऱ्याने एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे अशा आठ-दहा फेऱ्यांपासून, एक दिवसाआड सुरुवात करावी. अंतर आणि वेग दोन्ही एकाच आठवड्यात वाढवू नयेत. आधी अंतर, मग वेग, आणि चढ-उतार शेवटी. मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवून पाऊल थोडे आखूड केले, तर वाटीवरचा भार प्रत्येक पावलाला कमी होतो. मिनिटाला 160 पावले पडत असतील तर ती 168 ते 176 करावीत. सुरुवातीला हे चमत्कारिक वाटते, दोन आठवड्यांत अंगवळणी पडते.

गडावर जाणाऱ्याने पहिल्यांदा कमी उंचीचा आणि मळलेल्या वाटेचा गड निवडावा. उतरताना दोन्ही हातांत काठ्या घ्याव्यात, उड्या टाळाव्यात, सरळ उताराऐवजी नागमोडी उतरावे आणि पाठीवरचे ओझे सोबत्याला द्यायला लाजू नये. जेजुरी किंवा सप्तशृंगी येथे पायऱ्या अंगावर येतात त्या दर्शनाहून परतताना, तेव्हा घाई उतरतानाच करू नये.

जमिनीवर बसण्याची सवय सर्वांत शेवटी आणि सर्वांत हळू परत आणावी. आधी उंच चौरंगावरून उठबस, मग ठेंगण्या पाटावरून, मग आधाराने पूर्ण उकिडवे, आणि प्रत्येक टप्प्यावर एक-दोन आठवडे थांबणे.

परतीच्या वाटेवर मध्येच एखाद्या दिवशी दुखणे उसळते, लग्नघरी दिवसभर उभे राहिल्यावर किंवा पाहुण्यांच्या चौथ्या मजल्यावर दोनदा चढ-उतार झाल्यावर. तेवढ्याने सारे पहिल्या पायरीवर गेले असे होत नाही. तीन-चार दिवस भार आदल्या आठवड्याच्या पातळीवर आणावा, कुशीवरचा आणि कंबर उचलण्याचा व्यायाम चालूच ठेवावा, आणि सकाळचा आकडा वहीत पुन्हा खाली आला की जेथे थांबलो होतो तेथून पुढे जावे. कार्यक्रम संपल्यावरही आठवड्यातून दोन दिवस पायरीचा आणि खुब्याचा व्यायाम चालू राहावा.